होनमाळावरची वीज

“एकोणीस, वीस, एकवीस...”

गडगडाट झाला आणि वीज चमकल्यापासून चाललेलं मोजणं नईमनं थांबवलं. “एकवीस भागिले तीन. सात किलोमीटर लांब आहे.”

“शाळेतली गणितं कधी इतकी पटकन सुटत नाहीत तुझी,” मिस्बाह म्हणाली. ती नईमची थोरली बहीण. यंदा आठवीत जाणार होती आणि थोरल्या बहिणीची सगळी कर्तव्यं चोख पार पाडत होती.

“शाळेतल्या गणितांना आवाज नसतो,” नईम म्हणाला.

दोघं फिरदोसखालाच्या, म्हणजे मावशीच्या, जुन्या व्हॅनमध्ये घामाघूम होऊन बसले होते. काचा बंद होत्या. समोर जत तालुक्यातला होनमाळ पसरला होता. नजर जाईल तिथवर ना झाड, ना डोंगर. नुसतं आभाळच आभाळ!

फिरदोसखालाचा रहिमतपुरात फोटो स्टुडिओ होता. वर्षभर ती नवरानवरीचे आणि बारशांचे फोटो काढायची. पण मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, आठ दिवस स्टुडिओला कुलूप लावून वळवाच्या विजा टिपायला इथं यायची. लोक तिला वेडी म्हणत. ती म्हणायची, “नवरी हवी तेवढा वेळ उभी राहते. वीज राहते का?” या सुट्टीत तिनं भाचरांनाही आणलं होतं. मुक्काम तिची कॉलेजची मैत्रीण उत्कर्षाताई यांच्या घरी होता. उत्कर्षाताई होनमाळच्या ग्रामपंचायतीत सदस्य होत्या. त्यांचा मुलगा राजरत्न मागच्या सीटवर बसून सगळ्यांच्या वाटचे शेंगदाणे खात होता.

खालाचे नियम दोनच. गडगडाट ऐकू आला की गाडीतून उतरायचं नाही, आणि वीज दिसल्यावर बटण दाबायचं नाही. “ती दिसली म्हणजे गेलीच,” खाला सांगायची. “ती यायच्या आधी कॅमेऱ्याचं दार उघडं ठेवायचं आणि वाट बघायची.” म्हणून गाडीच्या पुढच्या काचेशी ज्वारी भरलेली पिशवी ठेवून तीत कॅमेरा घट्ट बसवायचा, बटण दाबायचं, आणि दहा सेकंद श्वास रोखायचा. तेवढ्यात वीज आली तर आली. नाहीतर पुन्हा दहा सेकंद.

सुट्टी संपायच्या आत मिस्बाहला स्वतःच्या हातानं एक तरी वीज पकडायची होती. पाच दिवसांत तिच्याकडे नुसत्या काळ्या आभाळाचे दोनशे फोटो जमले होते.

त्या संध्याकाळीही वीज खालालाच मिळाली. जेवणानंतर सगळे लॅपटॉपभोवती जमले. फोटोत होनमाळची प्राथमिक शाळा होती आणि तिच्यामागं, क्षितिजापासून थेट ढगात शिरलेली, सात फांद्यांची वीज! मिस्बाह बघतच राहिली. असं काहीतरी आपल्या डोळ्यांसमोर घडलं आणि आपण शेंगदाण्यांवरून भांडत होतो, याची तिला लाज वाटली.

नईमचं लक्ष मात्र भलतीकडंच होतं. “शाळेवर तो भाला कसला?”

“वीजरोधक हाय त्यो,” राजरत्न म्हणाला. “मागच्या वर्षी बसवलाय. वीज त्याच्यावर पडती आन तांब्याच्या पट्टीवरनं जमिनीत जाती.”

“पण ही पट्टी जमिनीपर्यंत येतच नाही,” नईम म्हणाला. “खिडकीपाशीच संपलीये.”

मिस्बाहनं फोटो मोठा करून पाहिला. विजेच्या उजेडात भिंतीचा रंग उडालेलाही दिसत होता, पण खिडकीखाली पट्टी नव्हती.

सकाळी उठल्या उठल्या तिघं शाळेकडं पळाले. पट्टी खरोखरच खिडकीपाशी लोंबत होती आणि तिच्यापासून हातभर अंतरावर व्हरांड्याचा लोखंडी खांब होता. त्या खांबाला टेकून मेंढरं राखणारी म्हातारी रंगुबाई बसली होती. भोवती तिची चाळीस मेंढरं होती आणि खांबावर तिचं घोंगडं वाळत होतं.

“आजी, वळीव आला की कुठं जाता तुम्ही?” मिस्बाहनं विचारलं.

“कुटं जायाचं? हितंच,” रंगुबाई म्हणाली. “वीज आडवणारा दांडा हाय म्हनत्यात वर. हितं बसायचं, डोळं गच्च मिटायचं आन देवाचं नाव घ्यायचं. लय भ्या वाटतं बग मला.”

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. वर दांडा उभारून विजेला बोलावणं धाडलं होतं आणि तिला खाली उतरायची वाटच ठेवली नव्हती!

काम केलं होतं धनाजीराव ठेकेदारांनी. ते आपल्या सिमेंटच्या गोदामापुढं खुर्ची टाकून बसले होते. मुलांचं ऐकून ते मनापासून हसले. “सुट्टी हाय, आंबं खावा की रं. काम पुरं झालंय. ह्यो बगा फोटू, तालुक्याला बी पाठवलाय.” त्यांनी मोबाइल पुढं केला. पिवळी शाळा, पायऱ्या, खिडकी आणि सरळ जमिनीत गेलेली पट्टी. सगळं जागच्या जागी होतं.

मिस्बाहनं फोटो नीट न्याहाळला. पाच दिवस खालानं तिला एकच गोष्ट घोकायला लावली होती. ढग पूर्वेकडून येतो, तेव्हा कुठल्या दिशेला काय आहे ते झोपेतही सांगता आलं पाहिजे.

“काका, यात शाळेच्या मागं पवनचक्क्या आहेत,” ती म्हणाली. “आपल्या शाळेच्या पायऱ्यांवर बसलं की पवनचक्क्या समोर दिसतात. मागं नुसता माळ आहे. ही दुसऱ्याच गावची शाळा आहे.”

धनाजीरावांनी झटकन मोबाइल खिशात घातला. “लय हुशार हायसा. जावा आता, मला कामं हायेत.”

परतताना नईम रडकुंडीला आला होता. “आज पुन्हा ढग येणार. आजी तिथंच बसणार. आणि आपलं ऐकणार कोण?”

“आपलं नाही ऐकणार,” मिस्बाह म्हणाली. “पण धनाजीकाकांचं स्वतःचं तर गाव ऐकेल?” घरी पोचताच ती खालाकडं वळली. “खाला, एक फोटो काढशील का त्यांचा?”

बेत ऐकून खाला आधी हसली, मग गंभीर झाली. “जोडलेली असो की तुटलेली, ढग असताना त्या पट्टीला हात लावायचा नसतो. ते लावायला लागले तर मी आधीच अडवणार. आणि पहिला गडगडाट ऐकू आला की खेळ बंद.”

“वीजरोधकासोबत तुमचा फोटो काढायचाय,” असा खालाचा निरोप गेला आणि चार वाजता धनाजीराव इस्त्रीचा शर्ट आणि गॉगल घालून हजर झाले. उत्कर्षाताई, रंगुबाई आणि बघायला आलेलं निम्मं गाव तिथं होतंच. शाळेच्या मागं, दूर कर्नाटकाच्या बाजूला ढग चढत होता. खाली काळाशार, वर कापसासारखा पांढरा, आणि माथ्यावर ऐरणीसारखा सपाट. खालासुद्धा क्षणभर कॅमेरा विसरून त्याच्याकडं बघत राहिली.

“काका, जरा डावीकडं,” मिस्बाह म्हणाली. “आता हात पट्टीवर. मागं वीज आणि पट्टीवर तुमचा हात, असा फोटो तालुक्यात कुणाचा नसेल.”

धनाजीरावांनी ऐटीत हात उचलला. तेवढ्यात ढगाच्या पोटात लख्ख उजेड पडला. हात तसाच खाली आला.

“हात न लावता काड की.”

“पण काम पूर्ण आहे ना काका? मग भ्यायचं कशाला?”

“आगं, खाली जोडल्याली न्हाई ती! मला काय मरायचं हाय?”

धनाजीरावांनी गॉगल काढला आणि आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं.

“आन मी रं धनाजी?” रंगुबाईनं विचारलं. “मी वरीसभर तिच्याच बुडाशी बसती की.”

खड्डा खणताना खडक लागला, वेळ नव्हता, पुढच्या महिन्यात करणारच होतो, असं काहीबाही धनाजीराव पुटपुटले. उत्कर्षाताईंनी नुसता हात पुढं केला. “गोदामाची किल्ली द्या. पक्कं बांधकाम आहे. आज आजी आणि मेंढरं तिथं राहतील.”

सहाच्या सुमारास आभाळ खाली आलं. सिमेंटच्या गोदामात चाळीस मेंढरं कोंबली होती आणि सगळ्यात मागून धनाजीराव इस्त्रीच्या शर्टावर एक कोकरू घेऊन धावत होते. त्या कोकरानं शर्टाचं काय केलं, ते सांगायला नको. खालानं शाळेपासून बरंच लांब व्हॅन उभी केली, काचा चढवल्या आणि कॅमेरा मिस्बाहकडं दिला.

“बारा, तेरा,” नईम मोजत होता. पुढच्या वेळी तो सहावर थांबला. नंतर दोनवर.

मिस्बाहनं बटण दाबलं आणि श्वास रोखला. तोच सगळा माळ पांढरा झाला! आकाशातून एक जाड, थरथरती रेघ थेट शाळेवरच्या दांड्यावर उतरली, आवाजानं गाडी हादरली आणि तिन्ही मुलं सीटखाली गेली. कॅमेरा तेवढा ज्वारीच्या पिशवीत जागचा हलला नव्हता.

पाऊस थांबल्यावर गाव शाळेपाशी गेलं. व्हरांड्याच्या खांबाखालची फरशी फुटून उडाली होती. खांबावर विसरलेलं रंगुबाईचं घोंगडं अर्धं जळालं होतं. धनाजीरावांनी ते स्वतःच्या हातानं खांबावरून उतरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच पहार घेऊन ते स्वतः खडक फोडायला आले. आणि “फोटू पवनचक्क्या मागं धरून काडू नका,” असं राजरत्ननं त्यांना बजावलं, तरी रागावले नाहीत.

खालानं मिस्बाहचा फोटो मोठा करून छापून आणला. दांड्यावर उतरलेली वीज, पट्टीच्या टोकावरून खांबावर घेतलेली उडी, आणि खांबाशी रिकामी जागा. सगळं त्यात आलं होतं. “अठरा वर्षं येतेय मी इथं,” खाला म्हणाली. “असा फोटो मला कधी मिळाला नाही. आणि नईम, तुझ्याइतकं नीट तर मी बघितलंही नाही.” उत्कर्षाताईंनी तो ग्रामपंचायतीत लावला, धनाजीराव आले की बसतात त्या खुर्चीच्या बरोबर समोर.

मुलं निघायच्या दिवशी रंगुबाई तो बघायला आली. रिकाम्या जागेवर तिनं बोट ठेवलं आणि मिस्बाहच्या तोंडावरून हात फिरवला. मग तिचं बोट हळूहळू विजेवरून वर, पार ढगापर्यंत गेलं.

“एवढी देखणी आसती व्हय ही?” ती म्हणाली. “आन मी मेली जलमभर डोळं मिटून बसली.”