काकतीच्या घरातला कॉम्प्युटर

हस साईराज, हस. पण नागेंद्र माझ्याच माडीवर भाड्यानं राहत होता, इथं निपाणीत. त्यानं सांगितलेलं आणि मी डोळ्यांनी पाहिलेलं, तेवढंच सांगतो.

गेल्या डिसेंबरातला दुसरा सोमवार. जेवणं झाल्यावर तो खाली आला. "आप्पा, वायफाय द्या की जरा. घरचं एक काम हाय." मी दिलं.

काम कसलं होतं ते मला नंतर कळलं. त्याचं घर बेळगावजवळ काकतीला. धाकटी बहीण ऋतिका. जातीबाहेरच्या पोरावर तिचा जीव जडला, म्हणून यानं तिला कोंडून घातलं आणि दुसरीकडं लग्न ठरवलं. लग्नाच्या आदल्या दिवशी ती विहिरीत सापडली. पाय घसरला म्हणे! शिकलेल्या गावानं मुकाट मान डोलावली. तिची मैत्रीण श्रिया तेवढी गप्प बसली नाही. त्या सोमवारी संध्याकाळी तिनं रागानं नागेंद्रला कळवलं, 'ऋतिकानं घरच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ करून ठेवलाय. सकाळी पोलिसांना घेऊन येते.'

बेळगावात विधानसभेचं अधिवेशन चालू होतं. हायवेवर जागोजागी तपासणी. मोटारसायकल काढायची त्याची छाती झाली नाही. पण लांबून घरचा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर त्यानं पूर्वीच घालून ठेवलं होतं. इथून विनंती जायची, तिकडं बसलेल्यानं परवानगीचं बटण दाबायचं. नेहमी त्याची वहिनी, दिपाली, दाबायची.

त्यानं विनंती पाठवली. लगेच परवानगी आली.

घरचा पडदा लॅपटॉपवर उघडला. व्हिडिओ सापडला. पुसायला माऊस दाबणार, तोच बाण बाजूला सरकला. पुन्हा आणला. पुन्हा सरकला. वैतागून त्यानं फोन लावला.

"वैनी, माऊस सोडा बघू. मी काम करालोय."

"कसला माऊस, भावजी? आमी सगळी लोंढ्याला पाव्हण्यांकडं आलोय न्हवं का. तुमच्या आईबी हितंच हाईत."

"मग घरात कोण हाय?"

"कोण असणार? कुलूप हाय की घराला."



वहिनी "भावजी... भावजी..." करत राहिली. त्यानं फोन ठेवला.

बाण पुन्हा हलला. सावकाश. तिकडून कोणीतरी हलवतंय, असं त्याला वाटलं. मग त्याची नजर खाली गेली.

तिकडून कोणी हलवत नव्हतं. त्याचाच हात हलत होता.

पाटीवर लहान पोराचा हात धरून अक्षर गिरवून घेतात ना... तसा. वरून थंडगार वजन. दिसत काहीच नव्हतं. हात उचलेना. मेल उघडला. श्रियाचं नाव. व्हिडिओ जोडला गेला. तो डाव्या हातानं उजवा ओढत होता...

बोट खाली दाबलं गेलं.

गेला व्हिडिओ.

मग तो व्हिडिओ आपोआप लागला. मी खाली कॉटवर पडलो होतो. मला स्पष्ट ऐकू आलं. तरण्या मुलीचा आवाज. "माझं नाव ऋतिका. मी जीव देणार न्हाय. मला काय झालं तर नागूअण्णाला विचारा."



मग त्याची किंकाळी.

मी वर पळालो. दार ढकललं. खोलीत तो एकटाच. लॅपटॉप काळा. उजवा हात अजून माऊसवर. "आप्पा... काढा. तिचा हात काढा..."

मी त्याचं मनगट धरून हात उचलला. हलका उचलला गेला.

हाताच्या पाठीवर चार ठिपके होते. बारीक बोटांच्या टोकांचे. हिरवे, ओले. मी वास घेतला. मेंदी.

मी त्या क्षणी फडकं ओलं करून पुसली. साबण लावून धुतली.

सकाळी पोलीस आले, त्यांनी त्याला हात पुढं करायला सांगितलं. हाताच्या पाठीवर ते चारही ठिपके गडद रंगले होते.