दुसऱ्या यंत्रातला आवाज

रुचिर, इरा, बाल्कनीचं दार ओढून घ्या आणि नीट ऐका. आमच्या विश्वासची गोष्ट आहे. त्याच्या बायकोनं, नीलिमावहिनींनी स्वतः सांगितलेली, तेव्हा थापा म्हणायचं काम नाही. रात्र होती पंधरा नोव्हेंबर दोन हजार चौदाची, शनिवार.

इथल्या वन-नॉर्थमधली, त्या ऑफिसांच्या वस्तीतली विश्वासची नोकरी गेली होती. येत्या शुक्रवारी कायमचं पुण्याला परतायचं होतं. अठरा वर्षं परदेशी क्लायंटशी रात्री-बेरात्री बोलून घसा पार बसलेला, आणि माणूसही. पण कॉलेजपासून डोक्यात एकच खूळ होतं, रॉकाबिली.

"व्हॉट्स दॅट, काका? सो ओल्ड लाह!"

अरे, पन्नासच्या दशकातली अमेरिकन पोरं. ड्रमसुद्धा नाही, उभ्या बेसच्या, त्या माणसाएवढ्या तंतुवाद्याच्या, तारा लाकडावर आपटून ठेका धरायचा. आणि खरी गंमत पडसादाची. गाणं एका टेपयंत्रात शिरतं, तेच दुसऱ्यातून कणभर उशिरा परत येतं. दोन-तीन जणांच्या गाण्यानं खोली भरून जाते. ऐकणाऱ्या म्हाताऱ्यालाही आपण विशीत आहोत असं वाटतं. विश्वासला तशी एक रेकॉर्ड करायची होती, स्वतःच्या आवाजात. पुण्याला गेल्यावर ते होणार नव्हतं, हे त्याला कळत होतं.

फ्लॅटमध्ये शेजारी ओरडले असते. म्हणून दोन यंत्रं आणि गिटार घेऊन तो बोटीनं एकटाच पुलाउ उबीन बेटावर गेला. ओळखीच्या एका मलाय गृहस्थांचं जुनं लाकडी घर रात्रीपुरतं मिळालं होतं. वीज नाही, बाहेर जनरेटर.

साडेअकराला त्यानं टेप सुरू केली. पहिलं कडवं जमलं. मागोमाग पडसाद. दुसरंही जमलं. तिसऱ्याला घसा चिरकला. तो थांबला.

पडसाद थांबला नाही…

तिसरं कडवं तो पडसाद एकटाच गात होता. मोकळा, स्वच्छ. विश्वासचाच आवाज, पण बावीस वर्षांचा. गाणं संपलं. टेप नुसती खरखरत राहिली. मग दुसऱ्या यंत्रातून हाक आली.

"विश्वास…"

रात्री एका हाकेला ओ देऊ नये, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यालाही होतं. पण फार दमला होता बिचारा. आणि कामाशिवाय कुणी हाक मारल्याला त्याला वर्षं लोटली होती.

"ओ," तो म्हणाला.

त्या ओचा पडसाद आला नाही.

सकाळी तो घरी आला शीळ घालत. घसा खणखणीत. भराभरा बॅगा भरायला लागला. वहिनींना आनंदच झाला. गुरुवारी दुपारी तो आतल्या खोलीत गात होता, तेव्हा त्यांनी हौसेनं त्या रात्रीची टेप लावली. गाणं झकास उतरलं होतं. शेवटपर्यंत. नंतर खरखर. त्या बंद करायला उठल्या…

आतलं गाणं चालूच होतं.

टेपमधून एक बसका आवाज आला. त्यांच्या नवऱ्याचा. रोजचा.

"नीलिमा… दमलो गं. मला घरी ने ना."