उकळलेला मिसो

सकाळी सव्वासहाला कानाएच्या दाराची घंटा वाजली. दारात खालच्या मजल्यावर नुकताच राहायला आलेला तरुण उभा होता. उघड्या जिन्यावरून आल्यानं केसांत बर्फाचे कण, पायात दोन वेगळ्या जोड्यांच्या चपला.

"माफ करा, मी शुहेई. तुमचा मिसो उकळतोय. खाली वास येतोय."

"मग?"

"मिसो घालायच्या आधी गॅस बंद करायचा असतो! आमच्या क्योटोत उकळलेलं सूप कुणाच्या पुढ्यात ठेवत नाहीत."

"आणि आमच्या ओकाझाकीत भल्या पहाटे शेजारणीचं दार वाजवत नाहीत," कानाए म्हणाली. "हा लाल मिसो आहे. नुसतं सोयाबीन आंबवून केलेला, दोन वर्षं मुरलेला. उकळला तरी त्याचं काही बिघडत नाही. तुमच्या गोडगोड पांढऱ्यासारखा नाजूक नाही तो."

शुहेईचे कान लाल झाले. तो जायला वळला, तशी ती म्हणाली, "आता आलाच आहात तर... चाखणार?"

तिसऱ्या-शिंपल्या घातलेल्या त्या काळपट सुपाचा त्यानं भीत भीत एक घोट घेतला. मग वाडगा रिकामा होईपर्यंत खाली ठेवलाच नाही.

पुढच्या शनिवारी तो पांढऱ्या मिसोचा डबा घेऊन आला आणि मग शनिवार ठरूनच गेला. समुद्रशेवाळाची पट्टी ती आदल्या रात्रीच पाण्यात टाकून ठेवी. पातीचा कांदा तो चिरी.

"केवढे जाड तुकडे!"

"तुमच्या सुरीला धार नाही."

"सुरीला आहे. हाताला नाही."

एका शनिवारी त्यांनी दोन्ही मिसो एकाच पातेल्यात विरघळवले. दोघांच्याही आयांनी नाकं मुरडली असती. शुहेईनं मात्र डोळे मिटून वाडगा संपवला आणि म्हणाला, "असं सूप रोज सकाळी मिळालं ना..."

वाक्य तिथंच अडलं. कानाएच्या हातातली पळी थांबली. याच शब्दांत जपानी पुरुष लग्नाची मागणी घालत आले होते. तिच्या वडिलांनीही अशीच घातली होती.

"हे सुपाबद्दल होतं?" तिनं विचारलं.

"सुपाबद्दलच! अगदी... नुसत्या सुपाबद्दल."

"असं होय."

तो घाईघाईनं निघून गेला. दार बंद झाल्यावर तिच्या लक्षात आलं – आपण 'हो' म्हणायला तोंड उघडलं होतं.

सोमवारी सव्वासहाला घंटा वाजली. शुहेई स्वतःचा लाखेचा वाडगा छातीशी धरून उभा होता.

"आज सोमवार आहे," कानाए म्हणाली.

"माहीत आहे. रोज सकाळी म्हटलं की सोमवारही आलाच."

"हेसुद्धा सुपाबद्दल?"

"नाही." कान पुन्हा लाल. "सूप मी करीन. तू नुसती समोर बस."

"तू?"

"निघून गेलं तोंडातून..."

"राहू दे मग. आत ये, थंडी शिरतेय."

"आणि उत्तर?"

"आधी मिसो घाल," ती म्हणाली. "गॅस बंद करून."

उत्तर तिनं अजून दिलेलं नाही. मात्र शुहेई जाताना वाडगा घेऊन गेला नाही. तो तिच्या वाडग्याशेजारी धुऊन पालथा घातलेला आहे.