खुंटीचं बारीक टोक

"ही तुमच्या बॅगेत कशी आली?"

घराची देखभाल करणाऱ्या बाईंनी विचारलं आणि गाइडनं ते मराठीत सांगितलं. बाईंच्या हातात वीतभर लाकडी खुंटी होती. एकही खिळा न ठोकता, नुसत्या लाकडी सांध्यांवर चारशे वर्षं उभ्या असलेल्या त्या घराच्या खांबातली. सहलीची मंडळी जेवायला गेली तेव्हा ती जागेवर होती. परत आली तेव्हा तिथे भोक होतं आणि खांबाला हातभर चीर गेली होती.

बॅग मिस्त्रींची होती. पन्नास वर्षं सुतारकाम केलेला माणूस. अशी घरं एकदा डोळ्यांनी बघायची म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच देशाबाहेर आलेला. अर्ध्या तासात पोलीस येऊन त्यांना घेऊन जाणार होते.

"वय झालं की मोह आवरत नाही," सहल काढणारे प्राध्यापक हळहळत म्हणाले. "मी बाईंशी बोलतो. मिस्त्रींनी माफी मागितली की मिटेल."

मिस्त्रींच्या मुलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाळेत ती मुख्याध्यापिका होती. खोटं बोलणारी पोरं आणि त्यांचे आईबाप, दोन्ही तिनं कोळून प्यायले होते.

"माफीचं नंतर बघू," ती म्हणाली. "गाइडसाहेब, जेवताना टेबलावरून कोण कोण उठलं?"

"तुमचे बाबा. बागेतल्या बाकावर जरा टेकायला गेले."

"एकटेच उठले?"

गाइड घुटमळला. "प्राध्यापक सर पण उठले होते. त्यांना फोन आला."

"बॅगा उघडायला कुणी सांगितलं?"

"सरांनीच. मिस्त्रींपासून सुरुवात करा म्हणाले."

"आणि सरांची बॅग?"

"त्यांची कशी उघडणार, ताई? ते सर आहेत."

उत्तर ऐकून तिचा जीव आणखीच जळला. ती तरातरा अंगणात गेली. खांबाच्या बाहेरच्या अंगाला, भोकाभोवती लाकूड चेचलं होतं. खाली एक दगड पडला होता. परत येऊन तिनं बाईंच्या हातातली खुंटी निरखली. बारीक टोक शाबूत होतं, जाड टोकाचा पार चोथा झाला होता.

सकाळी याच खोलीत तमाशा झाला होता. प्राध्यापक सांगत होते, की या खुंट्या पट्टीसारख्या सरळ असतात. मागून मिस्त्री बोलून गेले, "नाही हो सर, निमुळत्या असतात." मंडळी हसली. सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मग तुम्हीच शिकवा!" म्हणून ते पाय आपटत बाहेर गेले. मिस्त्रींनी खरंच शिकवलं, आणि सगळ्यांनी खांबाभोवती गर्दी करून ऐकलं.

"डॉक्टरीणबाई," मुलीनं सहलीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, "ही खुंटी काढायची तर कशी काढाल?"

"खोलीतून, बारीक टोकावर हलकेच ठोकून. मिस्त्रींनी सकाळी सांगितलं ना."

बाकीच्यांनी माना डोलावल्या.

"आणि सर, तुम्ही?"

"अहो, खुंटीचं डोकं बाहेरच्या बाजूला आहे, तिथेच ठोकायची. यात विचारायचं काय?"

डॉक्टरीणबाई सरांकडे बघतच राहिल्या.

"बाहेरून ठोकली की जाड टोक बारीक भोकात घुसतं," मुलगी म्हणाली. "मग खांब फाटतो. हा फाटलाय. टेबलावरून दोघंच उठले होते. त्यातल्या बाबांनी ही खुंटी दोन टिचक्यांत काढली असती, खांबाला ओरखडा न येता. इथल्या सगळ्यांना सकाळपासून ठाऊक आहे कुठून ठोकायचं. ठाऊक नाही ते फक्त रागानं निघून गेलेल्याला. तुम्ही दगडानं ठोकलीत, ती आत पडली, तुम्ही उचलून बाबांच्या बॅगेत घातलीत. तुमचं एक वाक्य सुधारलं म्हणून म्हाताऱ्या माणसाला परक्या देशात कोठडीत घालायला निघालात?"

प्राध्यापकांचा चेहरा उतरला. "सगळ्यांसमोर माझी शोभा केली त्यांनी," ते पुटपुटले. "मला फक्त अद्दल घडवायची होती."

गाइडनं देखभाल करणाऱ्या बाईंना सगळं समजावलं. त्या प्राध्यापकांच्या वाटेत, दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

"मिस्त्री, सुटलात बुवा!" कुणीतरी म्हणालं. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या खांद्यावर ठेवायला हात पुढे केला.

मिस्त्रींनी तो झटकला. खांबाच्या चिरेवरून त्यांनी बोट फिरवलं, मग एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. प्राध्यापकांकडे नाही, बाकीच्यांकडे.

"चोर समजलात, सोसून घेतलं," ते म्हणाले. "पण सकाळी माझ्याकडून शिकलात आणि दुपारी असलं घाणेरडं काम माझं वाटलं तुम्हाला?"