दारपाळाच्या पायाशी

गौराबाईनं चंद्रभानच्या बैठकीत पाऊल टाकलं आणि माणिकराव मास्तरांनी चहाची बशी खाली ठेवली.

"तुमी इथं?" ती मास्तरांना म्हणाली आणि चंद्रभानकडं वळली. "साहेब, ह्या मास्तरांच्या सहीनं आमचे मालक जिंतूरच्या कोठडीत बसलेत. चोर म्हणून!"

मास्तरांनी मान खाली घातली. तेच सांगायला ते चारठाण्याहून परभणीला आले होते, पण सकाळपासून तोंड उघडलं नव्हतं.

"आता तरी बोला, माणिकराव," चंद्रभान म्हणाला. हैदराबादच्या कॉलेजातली प्रयोगशाळा सोडून हा गडी खाजगी तपासाच्या नादी लागला होता. मास्तर त्याचे जुने मित्र.

हकिगत अशी. चारठाण्याबाहेरच्या महादेवाच्या जुन्या देवळातला चांदीचा मुखवटा गेला होता. तो ठेवायच्या खोलीच्या दाराचं कुलूप शाबूत आणि किल्ली गौराबाईच्या नवऱ्याच्या, पुजारी विरूपाक्षस्वामींच्या कमरेला. फक्त दाराच्या डाव्या फळीचं खालचं लोखंडी बिजागर गंजून तुटलेलं. दार खालून ढकललं की माणूस सरपटत आत जाईल एवढी फट. जिंतूरचे पोलीस अमीनसाहेब म्हणाले, "गंज पुराना है. पुजाऱ्याला ठाऊक होतं, त्यानंच डाव साधला." मास्तर पंच होते. 'गंज जुना' या शब्दांखाली त्यांनी मुकाट्यानं सही ठोकली.

"वाकून बघितलंत?" चंद्रभाननं विचारलं.

"नाही." मास्तरांचे कान तापले. "अमीन घाई करत होता. हैदराबादहून पुराणवस्तू खात्याचे साहेब येणार, मुखवट्याचे फोटो घेणार, म्हणून सगळ्यांचीच धांदल."

"आणि स्वामी काय म्हणतात?"

"एक शब्द बोलत न्हाईत," गौराबाई म्हणाली. "भिंतीकडं तोंड करून बसत्यात."

दुसऱ्या दिवशी तिघं देवळात पोचले. त्या खोलीच्या दाराच्या दोन्ही अंगाला दगडी दारपाळ उभे, त्यांच्या पायालगतच खालची बिजागरं. पिंडीवर पाणी घातल्यावर तांब्यातलं उरलेलं पाणी दोन्ही दारपाळांच्या पायाशी सोडायचं, ही तिथली रीत.

चंद्रभाननं तुटक्या बिजागराचा गंज खरवडला, मग उजव्या फळीच्या धडक्या बिजागराचाही. अंधाऱ्या खोलीत स्पिरिटचा दिवा लावून त्यानं तारेच्या टोकावर एकेक गंज ज्योतीत धरला आणि एक आखूड पितळी नळी मास्तरांच्या डोळ्याला लावली.

"जळणाऱ्या वस्तूचा उजेड ही नळी रंगांच्या रेघांत फोडून दाखवते. हा उजव्याचा. काय दिसतं?"

"एक पिवळी रेघ. अगदी फिकी."

"आता डाव्याचा."

"अरे बापरे! पिवळी डोळ्यात घुसते की! आणि बाजूला हिरवे पट्टे."

"बरोबर. ह्या दाराला पितळ, तांबं कुठं जडवलंय?"

मास्तरांनी या वेळी गुडघे टेकून सगळं दार चाचपलं. सगळं लोखंड आणि सागवान. चंद्रभान नुसता "हं" म्हणाला. मास्तरांना काडीचा बोध झाला नाही.

देवळात रोज पाणी आणणाऱ्यांना चंद्रभाननं एकेक करून बोलावलं. पहिला आला रखवालदार आश्रुबा. "स्वामींचं नि माझं भांडण हुतं, झाकायचं कशाला? पर चोरी? छ्या! मी पत्र्याच्या बादलीनं फरशी धुतो, बस्स."

"घरी मीठ किती लागतं?"

"लय. बैलांना चारतो की!"

मास्तरांनी चंद्रभानकडं अर्थपूर्ण पाहिलं. चंद्रभाननं लक्ष दिलं नाही.

मग म्हातारी नागुबाई. ती रोज मातीच्या घागरीनं पाणी घालायची. "मुखवट्याचं काय सांगू, बाबा! पयले दर शिवरात्रीपस्तोर काळाठिक्कर पडायचा, चिंच लावू लावू उजळणाऱ्यांची बोटं झिजायची. आता कुटं काळा पडतोय! देवाची करणी, दुसरं काय?"

शेवटी आले सिद्रामप्पा. गावचे मोठे व्यापारी, कपाळभर भस्म. शिवरात्रीआधी मुखवटा घरी नेऊन उजळायचा मान त्यांच्या घराण्याचा.

"अप्पा, पाणी कशानं घालता?"

"तांब्याच्या तांब्यानं. वडिलांपासूनचा हाय. रातीच भरून देव्हाऱ्यात ठेवतो, म्हंजे पहाटं गडबड न्हाई."

"दोन्ही दारपाळांना?"

"डाव्यालाच जास्ती. माझी भक्ती हाय त्याच्यावर." अप्पांनी उपरण्यानं मान पुसली.

चंद्रभाननं सगळ्यांना सभामंडपात बसवलं.

"गंज जुना नाही, केलेला आहे. पिवळी रेघ मिठाची. मीठ सगळीकडंच थोडं असतं, म्हणून मी दोन्ही बिजागरं तपासली. रोजचं पाणी दोन्हींवर पडतं, पण मीठ मुरलंय ते डाव्यात. लोखंडाला खारं पाणी रोज पाजलं की ते सडतं."

"मग आश्रुबाच!" मास्तर बोलून गेले.

"दम धरा, माणिकराव. एकदा घाई करून भागलं नाही का?"

मास्तर ओशाळले.

"हिरवे पट्टे तांब्याचे. दारात तांबं नाही, म्हणजे ते पाण्यातून आलं. बादली पत्र्याची, घागर मातीची. मीठ तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलं की तांबं उतरतं. म्हणून कुठलीही बाई तसं ठेवत नाही. चुलीकडं कधी न फिरकलेला पुरुषच ही चूक करणार. रीत सगळ्यांचीच, त्यामुळं दारात ओतताना कुणाला संशयही यायचा नाही. अप्पा, मुखवटा काळा पडायचा का थांबला?"

सिद्रामप्पा खांबाला टेकले. 

"चांदीचा न्हवताच तो. उजळायला नेला, धुताना हातातनं निसटून विहिरीत गेला. लय गाळ उपसला, गावला न्हाई. जर्मन सिल्वरचा नकली करून बसवला. हैदराबादचे साहेब येणार हे लय आधी कळलं, ते आले की उघडं पडणार हुतं. म्हणून बिजागर सडवलं, रातीला आत शिरून त्योबी उचलला अन् त्याच विहिरीत टाकला." ते ढसढसा रडायला लागले. "स्वामींना धरतील हे ध्यानातच आलं न्हाई. अन् धरल्यावर जीभ उचलंना. चला, मीच सांगतो ठाण्यात."

जिंतूरला अप्पांचा जबाब झाला आणि विरूपाक्षस्वामी बाहेर आले. मास्तरांनी सरळ त्यांचे पाय धरले.

"स्वामी, न बघता सही केली मी. माझ्यामुळं भोगलंत."

"उठा, मास्तर. मला ठावं हुतं."

"काय ठाऊक होतं?"

"मुखवटा खोटा हाय ते. रोज पुसणारा हात माझा. चांदी कळत न्हाई व्हय? पर अप्पांची अब्रू जाईल म्हणून गप बसलो. इतक्या शिवरात्री लोकांना खोट्याम्होरं वाकू दिलं. कोठडीत वाटलं, चला, पाप फिटायलंय. बरं वाटलं."

"बरं वाटलं?" गौराबाई मागं उभी होती. "तुमी आत बसून पाप फेडलंत. भाईर माझ्या लेकरांना चोराची पोरं म्हणून पाणवठ्यावरनं हाकललं. ते कुणाचं पाप फेडलं त्यांनी?"

  

गौराबाईनं पदर खोचला आणि ती चारठाण्याच्या वाटेला लागली. थोडं अंतर ठेवून, खालमानेनं, मास्तर आणि स्वामी तिच्या मागं चालायला लागले.