तेविसावी नोंद

संगणक दुरुस्त करणाऱ्याला लोक दोनदा फोन करतात. एकदा बिघडल्यावर आणि एकदा दुरुस्त झाल्यावर. "व्हायरस गेला म्हणालात ना, मग हे काय?" हा दुसरा फोन त्याला तोंडपाठ होता. त्याचं उत्तरही ठरलेलं असे. पाहुणे गेले तरी त्यांच्या चपला दारात राहाव्यात, तसं होतं म्हणे. व्हायरसची फाइल काढून टाकली तरी तिला हाक मारणारी एखादी नोंद कुठेतरी कोपऱ्यात राहून जाते. ती बिचारी ठरल्या वेळी हाक मारते, ओ देणारं कुणी नसतं, आणि मग पडद्यावर 'फाइल सापडली नाही' अशी चौकट येते. उपाय सोपा. हाक मारणारी नोंदच काढून टाकायची. दोन मिनिटांचं काम.

त्यामुळे बुधवारी सकाळी पाळणाघरातून मावशींचा फोन आला, तेव्हा त्याने फार मनावर घेतलं नाही.

पाळणाघर म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या, पुढे जाळीचा व्हरांडा आणि मोठ्यांच्या गुडघ्याला लागतील अशी दोन वॉश-बेसिनं. दाराशी अंगठ्याचं यंत्र होतं. पालकाने अंगठा टेकवला की हिरवा दिवा लागायचा, दार उघडायचं, आणि कुणाचं मूल आलं, कुणाचं गेलं ते आतल्या संगणकात नोंदलं जायचं. सोमवारी कुणा हौशी बापाने मुलाचे फोटो दाखवायला पेनड्राइव्ह आणला आणि त्याबरोबर व्हायरसही. त्याच दिवशी दुपारी याने तो साफ केला होता. तपासणीत सतरा वस्तू सापडल्या. याने नेहमीसारखं 'सगळे निवडा' दाबलं, मग 'काढून टाका'. आणि नेहमीसारखाच क्वारंटाइनही रिकामा केला.

हा क्वारंटाइन म्हणजे कोंडवाडा. सुक्याबरोबर ओलंही जळायला नको म्हणून काढलेल्या वस्तू महिनाभर तिथे कुलूपबंद ठेवायच्या, अशी या धंद्यातली रीत. त्याला ती पटत नसे. "चोर पकडायचा आणि घरातच पोसायचा? कशाला?" असं तो म्हणे. दहा वर्षांत त्याचं कधी काही अडलं नव्हतं, आणि दहा वर्षं काही अडलं नाही की माणसाला वाटतं आपण शहाणेच आहोत.

पडद्यावर चौकट होती: 'नोंद २३: फाइल सापडली नाही.'

"माझ्याकडे बावीस मुलं," मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "हे तेविसावं तुम्ही कुठून आणलंत?"

"कचरा आहे मावशी. दोन मिनिटं द्या."

पण कापण्याआधी दोरा कुठे जातो ते बघायचा त्याचा स्वभाव होता. असल्या नोंदी संगणक सुरू झाला की लगेच हाक मारतात. ही तशी नव्हती. ही दिवसातून दोनदा हाक मारत होती. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आणि संध्याकाळी साडेपाचला, रविवार सोडून. व्हायरस रविवारची सुटी घेत नाहीत. शिवाय नोंदीवरची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती, आणि व्हायरस तर परवाचा. तारखा चुकतात, असं त्याने स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं.

तोवर मावशी दुपारच्या झोपेच्या चटया घालत होत्या. शेवटची चटई खिडकीखाली पडली आणि त्या थबकल्या.

"बघा, परत एक जास्त. सोमवारपासून रोज हेच. हात आपला घालत सुटतो."

"वय झालं मावशी."

"तुमचं व्हायचंय अजून, मग बघू," त्या म्हणाल्या आणि चटई तशीच राहू दिली.

एक मुलगा दाराजवळच्या चटईवर उन्हामुळे कुरकुरत होता. मावशींनी त्याला खिडकीखालची चटई दाखवली. त्याने मान हलवली आणि उन्हातच पडून राहिला. बाकीची मुलं येता-जाता त्या चटईला वळसा घालत होती. कुणी त्यांना तसं सांगितलेलं नव्हतं.

तेवढ्यात दाजींचा फोन आला. दाजी म्हणजे त्याच्या ताईचे यजमान, शांत माणूस, कामाशिवाय फोन न करणारा.

"तू पाळणाघराचं काम करतोस ना? तुझी ताई तिथे येते का रे?"

"ताई? इथे कशाला येईल?"

ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. दुकान सातला बंद होई. दाजींनी सांगितलं, सोमवारपासून ती सव्वापाचलाच काम टाकून उठत होती. पाळणाघराच्या फाटकाशी जाऊन उभी राहायची आणि थोड्या वेळाने परत यायची. मालकाने दोनदा बोलून दाखवलं होतं. घरी आल्यावर ती जेवत नव्हती, झोपत नव्हती. दाजींनी विचारलं तर म्हणाली, कुणीतरी वाट बघतंय असं वाटतं.

"शनिवारी डॉक्टरांकडे नेतोय," दाजी म्हणाले. "मला भीती वाटते रे. लग्नाला अकरा वर्षं झाली, आम्ही तो विषय कधीच मिटवलाय. मूल नाही तर नाही. मग आता काय झालं हिला?"

मूल नसलेली बाई पाळणाघराच्या दाराशी. कुणीही जोडून टाकावं इतकं सरळ. त्यानेही जोडलं, आणि आपण आपल्याच बहिणीचा असा हिशेब मांडला याची त्याला लाज वाटली. लहानपणी आई कामावर गेली की हिनेच त्याला बोट धरून शाळेत नेलं होतं. नोंद तशीच ठेवून तो संध्याकाळपर्यंत थांबला.

साडेपाचला पडद्यावर चौकट उमटली. त्याने मान वर केली तर फाटकात ताई उभी होती.

"छोट्या? तू इथे?"

"काम होतं. तू?"

"मला माहीत असतं तर तुला सांगितलं नसतं?" ती हसायचा प्रयत्न करत म्हणाली. मग दाराशी आली आणि बोलता बोलता, न बघता, तिने यंत्रावर अंगठा टेकवला.

हिरवा दिवा लागला. दार उघडलं.

आतून मावशींनी दाराकडे न बघताच हाक दिली, "चला चला, आली बघ तुझी..."

आणि त्या तशाच थांबल्या. तोंड उघडं, हात कुणालातरी पुढे घ्यावं तसा पसरलेला.

आत एक मूल ठोकळे रचत होतं, त्याचा तेवढा आवाज.

त्याने स्वतःचा अंगठा टेकवला. लाल. रुमालाने काच पुसली. पुन्हा टेकवला, लाल.

"ताई, परत एकदा."

हिरवा.

यंत्रात बघितलं. अंगठा दोन वर्षांपूर्वी नोंदलेला. नातं: आई. मूल: २३.

ताईला तो यंत्र बिघडलंय म्हणाला आणि तिला घरापर्यंत सोडून आला.

गुरुवारचा सगळा दिवस त्याने त्या संगणकापुढे काढला. क्वारंटाइन रिकामा होता. त्यानेच केला होता. पुसलेलं परत मिळवायची जेवढी साधनं होती तेवढी त्याने लावली. सतरापैकी सोळा वस्तूंचा माग लागला. सगळी व्हायरसची पिलावळ. सतराव्या जागी काही नव्हतं. यादीत तिच्यापुढे फक्त २३ हा आकडा होता, आणि सोमवारी तो त्याने वाचला नव्हता. सगळे निवडा म्हटल्यावर वाचतो कोण? दहा वर्षांत पहिल्यांदाच त्याला त्या कोंडवाड्याची गरज होती.

साडेपाचला ताई आली. आज तिचे डोळे सुजले होते.

"छोट्या, कुणालातरी मी इथे ठेवून गेलेय," ती जाळीला धरून म्हणाली. "तोंड आठवत नाही रे मला. काही केल्या तोंडच आठवत नाही."

तिला काय सांगणार? ज्याला हाक जातेय ते परत आणायची सोय मीच मोडून बसलोय, हे सांगणार? तो नुसता तिच्याशेजारी उभा राहिला. हाक चालू राहील तोवर ही रोज इथे येईल. नोकरी जाईल, मग झोप, मग डोकं. शनिवारी डॉक्टर तिला गोळ्या देतील, आणि त्या गोळ्या खाऊनही ती साडेपाचला इथेच असेल.

शुक्रवारी सकाळी नवाच्या आधी तो पाळणाघरात गेला. नोंद २३ निवडली. 'काढून टाका' दाबलं.

'खात्री आहे का?' संगणकाने विचारलं.

हा प्रश्न त्याने आयुष्यात हजारो वेळा न वाचता उडवला होता. आज तो वाचला. मुलगा होता की मुलगी, तेही त्याला माहीत नव्हतं.

त्याने 'हो' दाबलं.

नऊ दहाला काही झालं नाही. दुपारी मावशींनी बावीस चटया घातल्या, हात झटकले आणि आत गेल्या. साडेपाच वाजले. फाटकात येणारे आले, गेले. ताई आली नाही. सातनंतर त्याने फोन केला.

"कसली वाट, कुणाची वाट?" ताई हसत होती. "तुझ्या दाजींना उगाच घोर लावून घ्यायची सवय आहे. डॉक्टर काय अन् काय! आज दोन वेळचं एकदम जेवलेय बघ." मागून दाजी काहीतरी म्हणाले आणि दोघंही हसले. ताई इतकं मोकळं हसलेली त्याने बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती. बरं झालं, तो स्वतःला म्हणाला. बरंच झालं. मग त्याने फोन ठेवला.

सोमवारी त्याला गावाच्या दुसऱ्या टोकाला काम होतं, छपाईच्या कारखान्यात. चार यंत्रं उघडून ठेवलेली. तिथून तो कधी उठला, बस कुठली पकडली, ते त्याला नंतर सांगता आलं नसतं. मावशी फाटक लावायला बाहेर आल्या, तेव्हा तो साडेपाचपासून तिथे उभा होता.

"आता काय राहिलं?" मावशींनी विचारलं.

"काही नाही. असाच आलो होतो."

"सगळं छान चाललंय हो. तुमच्या हाताला गुण आहे."

त्याने मान डोलावली. त्यांनी कडी घातली आणि त्या आत गेल्या. तो घराकडे वळला.

कोपऱ्यावर मोठा रस्ता लागतो. समोरून ट्रक येत होता. तो कडेला थांबला, आणि त्याचा डावा हात आपोआप खाली, थोडा मागे गेला.

ट्रक गेला. रस्ता मोकळा झाला.

"चल," तो म्हणाला, आणि पावलं अगदी लहान लहान टाकत पलीकडे निघाला.