उरलेली एक जोडी

"एक जोडी जास्त आहे," धाकधूक म्हणाली.

सुट्टीत रोज एक चांगलं काम करायचं, असं तिघांनी ठरवलं होतं. दादाला बुडणारा माणूस वाचवायचा होता, पण गावात पाणी होतं ते फक्त नळाला. शेजारची चिमटी रोज एका आजींना रस्ता ओलांडून द्यायची. आजींचं पलीकडे काहीच काम नसल्यामुळे त्यांना परतही आणावं लागे. आणि सतत कसली ना कसली काळजी करणारी दादाची धाकटी बहीण, म्हणजे धाकधूक, वाचनालयाच्या पायरीवरच्या चपला जोडीने लावून ठेवायची.

"चपला लावून कुणाचं भलं झालंय?" दादा रोज विचारायचा.

आज दाराला कुलूप होतं. 'चार दिवस बंद.' आणि पायरीवर हिरव्या नाडीचे तपकिरी बूट.

"घड्याळवाल्या आजोबांचे," धाकधूकने लगेच ओळखलं.

"विसरले असतील," दादा म्हणाला.

"आणि अनवाणी घरी गेले?"

तिघांनी दार बडवलं. आत चिडीचूप. आजोबा वाचताना कानातलं यंत्र काढून खिशात ठेवत. दोनची गोळी चुकली की त्यांना भोवळ येई. म्हणून दोनच्या ठोक्याला त्यांच्या दुकानातली चौदा घड्याळं एकदम कोकलत. गोळ्या दुकानात, आजोबा कुलपाआड, किल्ली ग्रंथपालांच्या खिशात आणि ग्रंथपाल बसच्या खिडकीत. दोनला दहा कमी होते. तिघं बसथांब्याकडे धावले.

"मी हाक मारली होती," ग्रंथपाल खिडकीतून म्हणाले. "कुणी ओ दिली नाही. म्हणजे कुणी नव्हतं."

"काका, त्यांना ऐकू येत नाही!"

"मग त्यांनी तसं सांगायला हवं होतं."

बस घरघरली. आयुष्यात पहिल्यांदाच धाकधूक खोटं बोलली.

"काका, आत कुणीतरी पुस्तकाचा कोपरा दुमडतंय."

ग्रंथपाल पांढरेफटक पडले. ते खिडकीतूनच उतरले असते, पण पोट अडलं.

कुलूप उघडलं तेव्हा दोन वाजून गेले होते. शेवटच्या कपाटामागे आजोबा खुर्चीत कलंडले होते. कपाळावर घाम. दादा गोळ्या आणायला सुटला. तो दुकानात शिरला तेव्हा, बंद करायला कुणी नसल्यामुळे, चौदाही घड्याळं अजून बोंबलत होती. परत येईपर्यंत धाकधूकने आजोबांचा हात घट्ट धरून ठेवला. तो थंडगार होता.

गोळी पोटात गेली. एक मिनिट. पाच मिनिटं. मग आजोबांनी डोळे उघडले आणि यंत्र कानात घातलं.

"वाचनालय बंद झालं का?"

त्यांच्या मांडीवरच्या पुस्तकाचा कोपरा खरोखरच दुमडलेला होता. ग्रंथपालांनी कोपरा बोटाने सरळ केला.

"चूक माझी," ते म्हणाले. "पोरी, तू होतीस म्हणून निभावलं."

"घड्याळांमुळे मला सगळे ओळखतात," आजोबा म्हणाले. "बूट ओळखणारी तू पहिलीच."

धाकधूकला आता, कौतुकाला उत्तर काय द्यायचं, याची काळजी लागली.

बाहेर ग्रंथपालांनी घाईत भिरकावलेल्या चपला पडल्या होत्या. एक पायरीवर, एक रस्त्यात. कुणी काही बोलायच्या आत दादा गेला आणि त्याने त्या जोडीने लावून ठेवल्या.